घड्याळावरचे गिऱ्हेपुंजे

ज्याला वेळ बघायची असेल त्याने मोबाइल बघावा. ज्याला तारीख बघायची असेल त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. आणि ज्याला चंद्र बघायचा असेल त्याने अंगणात जाऊन मान वर करावी. या तिन्ही गोष्टी एका सोन्याच्या डबीत कोंबून ती मनगटाला बांधणाऱ्या माणसाविषयी मला पूर्वीही आदर नव्हता, आता तर मुळीच नाही. अशा माणसाकडे पैसा फार असतो आणि काम काही नसतं. पण नशीब बघा, तसलं एक घड्याळ आमच्याच घरात निघालं.

घरात म्हणजे आमच्या हिच्या डब्यात. रुखमिणीचे वडील आबाजी वारले तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, लाखनीच्या बाबूलालने, तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. अड्याळच्या तलावाखालच्या धानाच्या सगळ्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच्या नावावर गेल्या आणि बहिणीला मिळाली एक साडी, एक चोळी अन् हे बंद पडलेलं घड्याळ. घड्याळ देण्यात माया-बिया काही नव्हती. बंद घड्याळ घरात ठेवलं की बरकत थांबते असं त्याला कोण्या वास्तूवाल्याने सांगितलं होतं, म्हणून त्याने आपला अपशकुन बहिणीच्या घरी पोचवला. साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. घड्याळ खोट्या बांगड्यांच्या डब्यात पडून राहिलं. सातबाऱ्यावरून नाव गेल्याचं रुखमिणीला फार लागलं होतं, पण ती बोलली एकदाच. "आपल्या नावाची एखादी तं बांधी असावी जी." मी म्हटलं, "होईल, होईल." पाटबंधारे खात्यात सारा जन्म फायली पुढे सरकवलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द फार सहज निघतात.

या दिवाळीला आमची लेक कामिनी पुण्याहून आली. तिने डबा उघडला, घड्याळाचा फोटो काढला आणि कुठल्याशा ग्रुपवर टाकला. हल्लीची मुलं ताटातल्या भाजीचाही फोटो काढतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका लिलाववाल्यांकडून फोन आला. बोलणारा मुलगा मराठी होता, पण मराठी बोलताना त्याच्या पोटात दुखत असावं. तो म्हणाला की हे फार जुनं, फार दुर्मीळ, सोन्याचं 'पर्पेच्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफ' आहे. महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी लीप वर्षाचा आहे की नाही, सगळं त्याचं त्यालाच कळतं आणि इसवी सन एकवीसशेपर्यंत तारीख हाताने फिरवावी लागत नाही.

मी म्हटलं, "पण ते बंद आहे."

"इट डझन्ट मॅटर, सर," असं म्हणून त्याने किमतीचा अंदाज सांगितला. तो ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडूनही तेवढाच ऐकू आला.

मग सूचना आल्या. चावी देऊ नका, उघडू नका, पॉलिश करू नका, पुसूसुद्धा नका. जसं आहे तसं हवं.

"पुसाचं बी नाही?" रुखमिणी म्हणाली. "मंग पाहणारे काय म्हणतीन? घरात बाई नाही काय?" मग थोडं थांबून म्हणाली, "इकली तं त्या पैशाची अड्याळात बांधी घेऊ. माह्या नावानं."

मी ताबडतोब हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा बांधी नव्हती, बाबूलालचं तोंड होतं.

ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असं ठरलं, म्हणून मी ती फक्त कवडूजींना सांगितली. कवडूजी आमचे शेजारी. एसटीतून रिटायर झाले तरी लोकांना मार्ग दाखवायची त्यांची खोड काही गेली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर चपलांचा ढीग लागला. जो तो घड्याळ बघून नाक मुरडायचा. ज्याला स्वतःला धड सेल बदलता येत नाही तो मला स्वित्झर्लंड समजावून सांगायचा. आमच्या गल्लीत दुसऱ्याचं भलं झालेलं पचवायला लोकांना हिंगाष्टक लागतं.

"एवढी हुशार घडी," कवडूजी म्हणाले, "तं अधिक महिना समजते काय तिले?"

"नाही."

"चतुर्थी? एकादशी?"

"नाही."

"मंग भिंतीवरचं कॅलेंडरच बरं ना जी! मांगच्या बाजूनं राशिभविष्य राहते, अन् दुधाचा खाडा बी मांडता येते."

यावर सगळे हसले. मीही हसलो, पण आतून नाही.

पुढे संकष्टी आली. आभाळ भरून आलं होतं. समोरच्या शकुनबाई दिवसभराच्या उपाशी, पूजेचं ताट घेऊन थेट आमच्या ओसरीवर. "तुमच्या घडीत चंद्र आहे म्हणते ना बापा, दाखवा." घड्याळाला एक इवलीशी खिडकी आहे आणि तिच्यात सोन्याचा चंद्र, कोण जाणे कोणत्या सालच्या तिथीला अडकलेला. मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी त्याला अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि हळदकुंकू सोडलं. कुंकू काचेवर पडलं. पुसायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून मी फुंकर मारत बसलो. शकुनबाई घरी जाऊन जेवल्या. घड्याळाच्या कडेला एक दाबायची कळ आहे, तिच्या फटीत कुंकू जे बसलं ते बसलं.

त्यानंतर लाखनीहून बाबूलाल उगवला. हातात पेढ्यांचा डबा, डोळ्यांत पाणी. ज्या माणसाच्या डोळ्यांत स्वतःच्या बापाच्या तेरवीला पाणी नव्हतं, तेव्हा तो स्वयंपाक्याशी भांडत होता, त्याच्या डोळ्यांत हे पाणी कोणत्या पंपाने चढवलं होतं देव जाणे.

"रुखमा, आबाजीची एवढीच तं निशाणी होती वं," तो म्हणाला. "मी तुले सांभाळाले देल्ली होती."

"साडीपण सांभाळायलाच दिली होती का?" मी विचारलं. "घेऊन जा. रंग गेलाय, पण आठवण म्हणून चालेल."

"जवाईबापू, हा भाऊ-बहिणीचा मामला आहे. तुमी मंधात नोका बोलू."

"घडी देल्ली तवा तं बोलला होता, बाई, हे बला घेऊन जाय," रुखमिणी म्हणाली.

बाबूलालचं पाणी जागच्या जागी आटलं. वकिलाची नोटीस पाठवतो म्हणाला आणि उठला. जाताना पेढ्यांचा डबा परत घेऊन गेला. कवडूजींचा हात तोपर्यंत डब्यापर्यंत पोचला होता, त्यामुळे त्या क्षणापासून ते पूर्णपणे आमच्या बाजूचे झाले.

इकडे मुंबईच्या मुलाने मालकीचा कागद मागितला. तो येऊन घड्याळ तपासणार, मग मुंबईला नेणार, पण आधी ते आमचंच आहे असं लिहून हवं. मी नोटरीकडे गेलो. तिथल्या टायपिस्टने मान वर न करता विचारलं, "मालमत्ता चल का अचल?"

"घड्याळ आहे."

"चालते काय?"

"नाही, बंद आहे."

त्याने टकटक करून 'अचल' टाइप केलं आणि गट क्रमांक विचारला. मी माझा आवाज चढवला. या गृहस्थाने त्यावर पान थुंकलं आणि मला पोलीस ठाण्यातून चोरीची तक्रार नसल्याचा दाखला आणायला सांगितलं. माझी अख्खी नोकरी लोकांना असेच दाखले आणायला पाठवण्यात गेली, पण ते काम मी पान न खाता करायचो.

ठाण्यातला हवालदार मोबाइलवर क्रिकेट बघत होता. एका डोळ्याने मला बघून म्हणाला, "घडी तुमचीच आहे कायच्यावरून? बिल?"

"माझ्या सासऱ्यांची आहे."

"त्याईचं बिल?"

"सासरे मॅंगनीजच्या खाणीवर होते, तिथे इंग्रज साहेब होता. त्याने जाताना खुशीने दिली."

"मंग सायबाले आना."

"तो मेला असेल हो आता!"

"बरं, घडीवर नाव-गिव आहे काय तुमचं?" मी नाही म्हणताच त्याने क्रिकेट थांबवलं. "भंडाऱ्यात राहता, अन् वस्तूवर नाव नाही घालत?"

हे मात्र मला लागलं. आमचं गाव पितळेच्या भांड्यांचं. इथे माणूस वाटी विकत घेतो तीही दुकानाच्या पायरीवर बसून नाव घातल्याशिवाय घरी नेत नाही. लग्नात उसना दिलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, चार घरं फिरून आला तरी बुडावरच्या नावाने परत आपल्याच चुलीवर येतो. आमच्याकडे चमच्यावरसुद्धा वडिलांचं नाव आहे. चमचा लहान, म्हणून आडनाव दांड्यावर घेतलं आहे.

घरी आल्यावर कवडूजींना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "गंज गावातल्या गावात देतो तं नाव घालतो जी आपण! अन् तुमी सोन्याची घडी मुंबईले देऊन राहिले, बिननावाची? थेच परत येईन कायच्यावरून? नाव घाला. हवालदारबी गप, बाबूलालबी गप. नाव ज्याचं, वस्तू त्याची."

आता मी काही कोणाच्या सल्ल्याने चालणारा माणूस नाही. मी स्वतंत्रपणे विचार केला. मुंबईच्या मुलाने चावी देऊ नका म्हटलं होतं, उघडू नका म्हटलं होतं, पुसू नका म्हटलं होतं. नाव घालू नका असं तो एका शब्दाने बोलला नव्हता. परिपत्रकात जे नाही त्याला मनाई नाही, हे तत्त्व पाळून मी सन्मानाने सेवानिवृत्त झालेलो आहे. त्यामुळे मी घड्याळ रुमालात बांधलं आणि रुखमिणीला न सांगता भांड्यांच्या दुकानात गेलो. तिला आनंदाचा धक्का द्यावा असा माझा विचार होता.

नाव घालणारा पोरगा मशीन घेऊन पायरीवरच बसला होता. "कोनाचं नाव घालू?" त्याने विचारलं.

असल्या प्रश्नाला कोणी विचार करत बसतं का? भांड्यावर नाव घरच्या कर्त्याचंच असतं. मी सांगितलं, "चंद्रकुमार दसरू गिऱ्हेपुंजे, भंडारा."

"जागा लहान आहे काका. च. द. घालू काय?"

मी बाणेदारपणे नकार दिला. अर्धं नाव हे कर्ज बुडवणाऱ्याचं लक्षण. मग त्याने मशीन लावलं आणि घर्र घर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव पाठीवर गोल फिरवलं. मधे 'भंडारा' घातलं, खाली तारीख घातली, आणि उरलेल्या जागेत फूल काढू का म्हणून विचारलं. फुलाचे पैसे नव्हते. फुकटचं फूल मी कशाला सोडू?

ठरल्या दिवशी मुंबईचा मुलगा आला. कडक इस्त्री, पांढरे हातमोजे, डोळ्याला लावायचं भिंग. चहा घेतला तोही मोजे घालून. वार्ता लाखनीपर्यंत गेलीच होती, त्यामुळे बाबूलाल नोटीस घेऊन हजर. कवडूजी पंच म्हणून मधल्या खुर्चीत. रुखमिणी दाराला टेकून उभी होती. तिने त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि बँकेचं पासबुक पदराखाली धरलं होतं, हे मी बघितलं.

मुलाने काळी मखमल पसरली, घड्याळ ठेवलं आणि एक सुस्कारा सोडला. "ब्यूटिफुल. डायल एकदम अनटच्ड आहे." कळीच्या फटीतल्या लाल कणाकडे बघून तो जरा थबकला. मग त्याने घड्याळ पालथं केलं.

त्याने भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

"सर, हे काय आहे?"

"नाव."

"हे ओरिजिनल आहे?"

"एकदम ओरिजिनल," मी म्हटलं. "माझंच आहे."

"पण हे कधीपासून आहे?"

"मंगळवारपासून."

मुलाने मोजे काढले आणि पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की हे खरवडून काढता येत नाही, कारण पाठ पातळ होते, आणि असली घड्याळं जमवणारे लोक साधा ओरखडासुद्धा खपवून घेत नाहीत. आधी सांगितलेल्या किमतीचा आता फार तर पाचवा हिस्सा येईल.

"नाव घातल्याने वस्तूची किंमत उतरते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय!" मी ओरडलो.

"तसं नाही सर," तो म्हणाला. "नावाने किंमत वाढतेसुद्धा. कधी कधी दुप्पट होते. म्हणजे नाव एखाद्या राजाचं असलं, किंवा मोठ्या कोणाचं..." इथे त्याने माझ्याकडे बघितलं आणि थांबला. पोरगा चांगल्या घरचा होता, त्याने वाक्य अर्धं सोडलं.

ते बाबूलालने पुरं केलं. "म्हंजे आमच्या जवाईबापूच्या नावानं आबाजीच्या घडीचं वाटोळं झालं, असंच ना?" आणि तो मांडीवर थाप मारून हसला. हसता हसता खिशातून नोटीस काढली. "बरं, पाचवा तं पाचवा. त्यातला अर्धा माहा."

"मालक नक्की कोण आहे?" मुलाने विचारलं.

"मी," बाबूलाल म्हणाला.

"मी," मी म्हटलं. "पाठीवर वाचा."

तेव्हा रुखमिणी दारातून पुढे आली. तिने मखमलीवरून घड्याळ उचललं, उजेडात नेलं आणि पाठीवरचं अक्षर अन् अक्षर वाचलं. नाव गोल होतं, त्यामुळे तिला घड्याळ फिरवत न्यावं लागलं. फुलावरूनही तिने बोट फिरवलं.

"बापाची घडी," ती म्हणाली. "सांभाळाले मी. भाऊ म्हणते माही, अन् नवरा नाव घालून आला आपलं." आवाज चढला नव्हता, पण कवडूजी खुर्चीत सरळ बसले. "काहून जी, तुमाले माहं नाव येत नव्हतं काय?"

मी म्हटलं, "अगं, पद्धतच तशी..." खरं तर पद्धत खरोखरच तशी आहे. कोणालाही विचारा.

माझ्याशी बोलणं संपलं असं ठरवून ती भावाकडे वळली. "दादा, घडी अपशकुनी होती तवा माही झाली. आता शकुनाची निंघाली तं तुही काय? एक काम कर. या पोराले लिहून दे का घडी रुखमाची, माहा काई हक्क नाही. नाही देत तं मी त्या हक्कसोडीवर कोर्टात जातो. मले वाचू न देता सही घेतली होती तू. वकील मलेबी भेटते."

बाबूलालने माझ्याकडे बघितलं, जणू मीच हे शिकवलं. मी! मला हे सुचलं असतं तर मी भांड्यांच्या दुकानात कशाला गेलो असतो? मग त्याने मुकाट्याने खिशातून पेन काढलं आणि नोटिशीच्याच पाठीमागे लिहून दिलं. हक्क सोडायला दोन मिनिटंही लागत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"पोरा," रुखमिणीने पासबुक मखमलीवर ठेवलं, "पैसे यात पाठव."

घड्याळ गेलं. परदेशातल्या कोण्या हौशी श्रीमंताने ते घेतलं असं पुढे कळलं. म्हणजे आता भंडाऱ्याचे गिऱ्हेपुंजे रोज कोण्या गोऱ्या माणसाच्या मनगटाला आतून घासत असतात. त्याला खाज सुटो.

पाचव्या हिश्श्यात बंगला झाला नसता, पण अड्याळला तलावाखाली एक बांधी आली. तीही नेमकी बाबूलालच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला. तलावाचं पाणी आधी हिच्या बांधीत भरतं, मग त्याच्याकडे उतरतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्याला बहिणीच्या दारात येऊन 'रुखमा, पाणी सोडतं काय वं' म्हणावं लागणार आहे. त्या दिवशी मी घरीच थांबणार आहे.

पवनीला तालुक्याच्या कचेरीत खरेदीची नोंद करायला आम्ही तिघं गेलो, तिसरे कवडूजी. खरेदीदार म्हणून रुखमिणी एकटी. तिला लागणारा शेतकरी असल्याचा दाखला माझ्या जुन्या सातबाऱ्यावरून निघाला, तेवढा माझा उपयोग झाला. तिचा अंगठ्याचा ठसा घेतला, फोटो काढला, आणि कारकुनाने साक्षीदार विचारले. मी उठून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. रुखमिणी म्हणाली, "पैले कवडूजीचं घ्या." कवडूजींनी ऐटीत सही ठोकली. साक्षीदार क्रमांक दोन, चंद्रकुमार दसरू गिऱ्हेपुंजे. रकाना लहान होता, कारकुनाने च. द. लिहिलं.

परतताना एसटीत कंडक्टर आला. रुखमिणीचं बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, कवडूजींचा जुना पास, पूर्ण तिकीट एकट्या माझं. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "ज्या माणसाने घड्याळावर नाव घालायला लावलं त्याची सही पहिली, आणि नवऱ्याची दुसरी? हा कुठला न्याय?"

"त्याईनं नाव घाला इतकंच म्हटलं होतं जी," ती खिडकीबाहेरच्या बांध्या बघत म्हणाली. "कोनाचं, हे नव्हतं सांगतलं."